शब्दचर्चा : क्यूबाची ‘आन्येहो’ रम – जुनी, की मुरलेली?

प्रश्न (टोरांटोहून)

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी क्यूबाच्या प्रवासावर लेख लिहिते आहे. हवानातल्या एका संध्याकाळी ‘हवाना क्लब ७ आन्योस’ (म्हणजे सात वर्षांची) ही रम पहिल्यांदा काहीही न घालता प्यायले. त्यावर एक परिच्छेद लिहायला घेतला आणि दोन शब्दांवर अडले.

पहिला शब्द बाटलीवरचाच, ‘आन्येहो’. ‘जुनी रम’ लिहिलं तर पडून राहिलेली वाटते. ‘वयस्क रम’ कानाला बरं वाटत नाही. ‘परिपक्व’ म्हटलं की शाळेतला निबंध आठवतो.

दुसरा शब्द ‘नीट’, म्हणजे काहीही न मिसळता. इंग्रजीतला हा शब्द आपण सगळे सर्रास वापरतो, पण मराठीत ‘नीट’ आधीपासूनच आहे. ‘आम्ही ती रम नीट प्यायलो’ असं छापलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की न सांडता, शिस्तीत प्यायलो. काय लिहावं?

प्रतिसाद

‘मुरलेली’ लिहा, बिनधास्त लिहा. मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो. हा शब्द वर्गात दरवर्षी येतो आणि मी दरवर्षी हाच पर्याय देतो.

स्पॅनिशमध्ये ‘जुना’ला साधा शब्द आहे, ‘व्हिएहो’. जुनं घर, जुने बूट, म्हातारा माणूस, सगळ्याला चालतो. ‘आन्येहो’ वेगळा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वर्ष’ हा शब्द आहे. दारू, चीज, खारवलेलं मांस, एखादी जुनी रीत, म्हणजे ज्यावर वर्षं गेली आणि त्या वर्षांनी ज्यात काही केलं, अशा गोष्टींना तो लागतो. त्याचं क्रियापदही आहे, ‘आन्येहार’. नुसतं जुनं होणं आणि वर्षं अंगात जिरवणं हा फरक त्या भाषेने दोन शब्दांत ठेवलाय. आपणही ठेवलाय. लोणचं जुनं झालं म्हणजे टाकायला झालं, लोणचं मुरलं म्हणजे वाढायला झालं.

आणि रमच्या बाबतीत ‘मुरणे’ नुसतं शोभत नाही, अक्षरशः खरं ठरतं. पाणी जमिनीत मुरतं तशी रम ओकच्या लाकडात मुरते. दिवसाच्या उष्म्याने लाकडाच्या आत शिरते, गारव्याने मागे येते आणि येताना लाकडातला रंग, तुरटपणा, व्हॅनिलासारखा गोड वास घेऊन येते. पाझरणे आणि पक्व होणे हे दोन्ही अर्थ एका क्रियापदात बसलेत. असा शब्द हाताशी असताना ‘परिपक्व’पर्यंत कशाला जायचं?

एकच काळजी घ्या. लोणचं बरणीत मुरतं, रम बाटलीत मुरत नाही. काचेला झिरपणं ठाऊक नाही. सात वर्षांची रम कपाटात वीस वर्षं ठेवली तरी ती सात वर्षांचीच राहते. तेव्हा ‘आजोबांच्या कपाटात मुरलेली’ असं वाक्य कुणी लिहिलं तर ते चूक. तिथे ‘जुनी’च बरोबर.

प्रतिसाद

वरच्या उत्तराशी सहमत. आयुर्वेदातही ‘नव’ आणि ‘जीर्ण’ मद्य असा भेद आहे, पण आजच्या मराठीत जीर्ण म्हणजे फाटायला आलेलं, त्यामुळे तो शब्द आपल्या कामाचा नाही. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार आहेत, त्यात गुळापासूनची ती गौडी. रमला सगळ्यात जवळची तीच.

‘नीट’साठी मात्र घरातलाच शब्द घ्या : कोरी. दूध नसलेला चहा कोरा, मग पाणी, सोडा, बर्फ काहीच नसलेली रम कोरी. आमच्या साताऱ्याकडे ‘कोरीच घेतो’ असंच म्हणतात. ‘कच्ची’ मात्र चुकूनही लिहू नका, तो हातभट्टीचा शब्द आहे.

रम ज्यापासून तयार होते ती उसाची दारू, ‘आग्वार्दिएन्ते’, लेखात येणार असेल तर त्याला ‘पहिल्या धारेची’ म्हणता येईल का?

प्रतिसाद

नाही म्हणता येणार. मी कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढली, म्हणून हक्काने सांगते. पहिल्या धारेची म्हणजे भट्टीतून गळून थेट पेल्यात आलेली. आग्वार्दिएन्तेचा शब्दशः अर्थ ‘जळतं पाणी’ असला, तरी क्यूबात रमसाठीची ही दारू ऊर्ध्वपातनाच्या उंच स्तंभातून ७५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क घेऊन निघते आणि मग निदान दोन वर्षं ओकमध्ये राहते. पुढे कोळशातून गाळतात, उसाच्याच दुसऱ्या, जास्त शुद्ध आणि हलक्या मद्यार्काशी तिचा मेळ घालतात आणि ते मिश्रण पुन्हा मुरवतात. म्हणजे दोनदा मुरणं. हा मेळ घालणारा तो ‘माएस्त्रो रोनेरो’. हे ज्ञान एका पिढीने दुसरीला हाताखाली घेऊन द्यायचं असतं आणि २०२२ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. मला त्याचा फार आनंद झाला होता, कारण नाकाने काम करणाऱ्या माणसांना सहसा कुणी विचारत नाही.

आता माझी तक्रार. प्रवासवर्णनांत ‘रम काकवीपासून बनते’ असं वाचलं की जीव तुटतो. काकवी गुऱ्हाळात मिळते. रस आटवताना गूळ धरण्याआधी काढली की ती काकवी, भाकरीशी खायची. रम होते मळीपासून. कारखान्यात साखरेचे दाणे काढून घेतल्यावर मागे उरतो तो काळा, चिकट, कडसर पाक म्हणजे मळी. बोटावर घेतली तर आधी गोड, मग जिभेच्या मागे जळक्या साखरेसारखी कडू लागते आणि तो कडूपणा बराच वेळ जात नाही. सात वर्षं मुरलेल्या रमच्या तळाशी मला तीच चव सापडते. आमच्या गळीत हंगामाला क्यूबात ‘साफ्रा’ म्हणतात. शब्द वेगळा, पण मळीचा वास सारखाच असणार.

प्रश्नकर्ती

मळीची चूक माझ्याही मसुद्यात होती, दुरुस्त केली. आभार!

आता चवीचे शब्द. पेला नाकाशी नेला तेव्हा आधी नुसता स्पिरिटचा झटका आला. दहा मिनिटं तसाच ठेवल्यावर कोको, सुक्या तंबाखूची पानं, व्हॅनिला असं काहीसं जाणवलं. दोन्हीला ‘वास’च लिहू?

प्रतिसाद

छे! वासाच्या बाबतीत मराठी गरीब नाही. पहिला तो भपकारा. झाकण उघडताच अंगावर येतो आणि लगेच विरतो. मागून सावकाश पसरतो तो दरवळ. आणि रात्रभर उघड्या राहिलेल्या पेल्याला येतो तो दर्प. तुमची दहा मिनिटं म्हणजे भपकाऱ्यापासून दरवळापर्यंतचा प्रवास, तसंच लिहा.

पिण्याची क्रियापदंही निवडून वापरा. ‘मारली’ लिहिलं की चव संपली. ‘घुटका घेतला’ म्हणा. जिभेला ‘झोंबली’, घशाला ‘चटका बसला’ आणि मग चव ‘रेंगाळली’. क्यूबाची रम अंगाने हलकी असते, तिचा चटका पटकन निवतो. ओल्ड मंकच्या बाटलीवरही सात वर्षं असतात, पण ती दाट आणि गोडसर. आपल्या वाचकाची जीभ त्या चवीवर घडलेली आहे, म्हणून हा फरक एका वाक्यात सांगाच.

मिसळण्याबद्दल माझं मत : कोक, लिंबू आणि कमी वर्षांची रम यांची क्यूबा लिब्रे छान होते. सात वर्षांची मात्र आधी कोरी घ्यावी, मग हवं तर बर्फाचा एक मोठा खडा घालून. कोकमध्ये तिची सात वर्षं बुडतात.

प्रश्नकर्ती

शेवटचं एक. बारमध्ये नवी बाटली उघडल्यावर बारवाल्याने पहिले थेंब कोपऱ्यात जमिनीवर सोडले. म्हणाला, संतांसाठी. माझे मामा पेला ओठाला लावण्याआधी बोट बुडवून दोन थेंब खाली उडवायचे, ते एकदम डोळ्यांपुढे आलं. परिच्छेद आता असा झालाय :

‘पहिले थेंब त्याने संतांना दिले. मग आमच्या पेल्यांत ओतली ती ओकच्या लाकडी ड्रममध्ये सात वर्षं मुरलेली रम. आम्ही ती कोरीच घेतली. भपकारा निवेपर्यंत कुणी बोललं नाही.’

प्रतिसाद

सुरेख. फक्त ‘ड्रम’ काढा, ‘पिंप’ लिहा. आज आपण त्यात पाणी भरतो, पण हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलाय आणि पिपा म्हणजे दारूचं लाकडी पिंपच.