दोन्ही पाण्यांचा सामू (पीएच) ८.२, मग बोअरलाच सायट्रिक दुप्पट काहून लागते?

पऱ्हाटी_दर्यापूर
पऱ्हाटीवर (कपाशीवर) डायमेथोएट हे कीटकनाशक मारायचं आहे. जास्त सामूच्या पाण्यात ते फुटून निकामी होते, म्हणून सामू ६ वर आणायचा आहे. विहिरीचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी मीटरवर ८.२ दाखवते. १५ लिटरच्या पंपाला ४ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं तर विहिरीचं पाणी ६ वर येते, बोअरचं मात्र ६.६ वरच अडकते. अजून टाकून ६ वर आणलं तरी ड्रममध्ये तासाभरानं पुन्हा चढते. मीटर बिघडलं का?

सामू_आणि_साठा
मीटर बरोबर आहे, भाऊ. सामू म्हणजे या क्षणी पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन किती, एवढंच. आम्ल किती पचवायची ताकद आहे हे तो सांगत नाही. ती ताकद म्हणजे विम्लता, आणि तुमच्याकडे ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे आहे. विहिरीत आणि बोअरमध्ये पाण्याची पातळी सारखी दिसली म्हणून साठा सारखा नसतो, तसंच हे.

टाकलेलं आम्ल बायकार्बोनेटला भिडतं, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. ही जोडी ६.३५ च्या आसपास सर्वांत जास्त विरोध करते, म्हणून तुम्ही नेमके तिथंच अडकता. सामू परत चढतो तो कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यामुळे. म्हणून ढवळून १०-१५ मिनिटांनी मोजा, कमी वाटलं तर थोडं वाढवा, आणि औषध मिसळल्यावर ड्रम तासन्‌तास ठेवू नका.

अंदाजासाठी: सामू ६ वर आणायला १०० मि.ग्रॅ./लि. विम्लतेमागे १५ लिटरला पावणेदोन ते दोन ग्रॅम सायट्रिक. विहिरीची विम्लता २०० धरली तर तुमचे ४ ग्रॅम जुळतात. बोअरची ४५० असेल तर ८-९ ग्रॅम लागतील.

बॅटरीचं अ‍ॅसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते तीव्र आम्ल. बायकार्बोनेट संपलं की दोन-चार थेंबांत सामू ३-४ वर कोसळतो. (तीव्र म्हणजे संहत नव्हे. विरल केलं तरी सल्फ्युरिक तीव्रच राहतं, आणि सायट्रिक कितीही घट्ट केलं तरी सौम्यच.)

दर्शक_पिवळा
विम्लता अंदाजानं धरण्यापेक्षा मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेत जमते: १०० मि.लि. पाणी, मिथिल ऑरेंजचे २-३ थेंब, ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. पिवळ्याचं नारिंगी झालं की थांबा. जितके मि.लि. लागले त्याला १० ने गुणा, ती विम्लता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, मि.ग्रॅ./लि.). गुलाबी झालं तर पुढं गेलात, परत करा.

हळदीचा कागद इथं कामाचा नाही. तो साधारण ८ च्या वर लाल होतो, ७ आणि ५ त्याला सारखेच पिवळे. १ ते १४ ची पट्टीही ढोबळच.

आणि विम्लता म्हणजे कठीणपणा नव्हे. कठीणपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. खारपाणपट्ट्यात सोडियम बायकार्बोनेटचं पाणी साबणाला फेस देईल, तरी आम्ल पिऊन टाकेल.

पऱ्हाटी_दर्यापूर
समजलं सर. मंग सगळ्याच फवारणीत सायट्रिक टाकत जाऊ का? संत्र्यावर बोर्डोही (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारायचं आहे.

संत्रा_वरूड
बोर्डोत अजिबात नाही! मोरचूद (कॉपर सल्फेट) हे क्षार असलं तरी त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, आणि चुना ते आम्ल मारायलाच असतो. १ टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात कालवा, मोरचूद चुन्याच्या पाण्यात ओता, ढवळत राहा. घासलेला विळा मिनिटभर बुडवा: तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याचं पाणी वाढवा. यात सायट्रिक गेलं तर तांबं पुन्हा मोकळं होऊन कोवळी पानं जाळेल.

सोयाबीनमधलं तणनाशक क्लोरीम्युरॉनही उलट्या स्वभावाचं, आम्लात लवकर फुटतं. डायमेथोएट, मॅलाथिऑन ही कीटकनाशकं विम्ल (जास्त सामूच्या) पाण्यात फुटणारी, त्यांनाच सायट्रिक. बाकीच्यांचं लेबल वाचून.