मदत हवी आहे : किडनी द्यायला सून पुढे आलीय, पण...

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या माझ्या मामांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मनगटाजवळच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागी) बोट ठेवलं की रक्ताची थरथर जाणवते. झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव आहे, पण नंबर कधी लागेल कोण सांगणार!

मामींचा रक्तगट बी, मामांचा ए, म्हणजे जुळत नाही. मुलाला शुगर. मग वहिनी, म्हणजे मामांची सून, 'मी देते' म्हणाली. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार सून जवळच्या नातेवाइकांत मोडत नाही, त्यामुळे अशी प्रकरणं तपासणाऱ्या मान्यता समितीची परवानगी लागेल. ते ठीक. पण घरात तिचं एवढं कौतुक सुरू झालंय की तिला आता नाही म्हणायची सोयच उरली नाही. पदरात चार वर्षांची पोर आहे.

नागपुरात कोणी यातून गेलंय का? समिती दात्याला एकट्याला बोलावून विचारते का? तिने माघार घेतली तर डॉक्टर 'तब्येतीत बसत नाही' एवढंच घरी सांगून सांभाळून घेतात का? आणि मामींना घेऊन स्वॅप, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल, करायचं, तर दाता ए आणि पेशंट बी अशी जोडी मिळायला नोंद कुठे करायची?

कृपया एजंटांचे नंबर पाठवू नका.