समलिंगी सुपरहिरोचे समलिंगी असणे ‘अडचण’ म्हणून लिहावे का?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

आमच्या गटाची नवी सुपरहिरो रोलप्लेइंग मोहीम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवत बैठकीगणिक पुढे न्यायची गोष्ट, पावसाळा सरला की सुरू होईल. ती परदेशातील एखाद्या महानगरात न घडता बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक या आपल्याच मुलखात घडावी आणि सहा पात्रांपैकी दोन समलिंगी असावीत, असे बहुमताने ठरले आहे. पहिले पात्र कणकुंबीकडच्या वायरमनचे आहे. आषाढात झाडे कोसळून तारा तुटल्या की रात्री-अपरात्री खांबावर चढणारा हा माणूस एकदा तारेला चिकटूनही वाचला, आणि तेव्हापासून वीज त्याच्या अंगात साठून राहते. दुसरी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कास्टिंगची तपासणी करते. तिचा तळहात टेकला की ओतीव लोखंड मऊ पडते. तिची जोडीदार गोकाकची कन्नडभाषक शिक्षिका आहे. इथपर्यंत सारे सुरळीत झाले. वाद पेटला तो कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचा तपशील लिहायचा कागद, भरताना.

आम्ही ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ ही २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेली नियमावली वापरतो. तिच्यात प्रत्येक पात्राला शक्तींच्या जोडीला काही अडचणीही लिहाव्या लागतात. त्याची प्रेरणा कोणती, हे तर लिहायचेच, आणि शिवाय शत्रू, गुपित, नाते, लोकांचा पूर्वग्रह यांसारखी निदान आणखी एक अडचण लिहायची. गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, त्या अडचणीवर बोट ठेवून नायकाला पेचात पकडले की खेळाडूला एक हिरो पॉइंट मिळतो. पुढे ऐन लढाईत वीस बाजूंचा फासा वाईट पडला, तर तो पॉइंट खर्चून फासा पुन्हा टाकता येतो, आणि दुसऱ्या खेपेला दहा किंवा त्याहून कमी पडल्यास त्यात दहा मिळवले जातात.

माझे स्पष्ट मत असे आहे की वायरमनचे समलिंगी असणे ‘पूर्वग्रह’ किंवा ‘गुपित’ या नावाखाली मुळीच लिहू नये. लिहायचेच असेल तर ते ‘नाते’ म्हणून लिहावे. रामनगरला त्याचा जिवाभावाचा माणूस राहतो, आणि तो संकटात सापडला की वायरमनला दुसरे काही सुचत नाही, एवढे पुरे. नियमाचा परिणाम पाहावा. एकदा ‘पूर्वग्रह’ लिहून दिले की गेम मास्टरने प्रत्येक बैठकीत त्याला कोणाच्या तरी तोंडून हिणवावे, अशी सोय नियमच करून देतो आणि त्या अपमानाचा मोबदलाही ठरवून टाकतो. बाकीच्यांच्या वाट्याला कर्ज, वैर, प्रतिज्ञा, तापट स्वभाव अशी नाना तऱ्हेची दुःखे येणार आणि याच्या वाट्याला मात्र हे एकच येणार, ही विषमता मला सहन होत नाही.

छापील कॉमिक्समध्ये काय घडले, हेही सांगतो. मार्व्हलचा सुपरहिरो नॉर्थस्टार १९७९ साली आला. कॅनडातील माँट्रियलचा, फ्रेंच बोलणारा हा स्कीपटू तरुणपणी क्विबेकच्या फुटीरवाद्यांच्या गोटात गेलेला होता. इंग्रजीबहुल देशातील फ्रेंचभाषकाचा हा सल वाचकांपुढे उघडपणे मांडता आला. सीमाभागातील माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. नॉर्थस्टार समलिंगी आहे हे त्याचा निर्माता जॉन बर्न याने मनाशी धरले होते, तरी ते छापील पानावर यायला १९९२ साल उजाडले, कारण प्रकाशकांचे धोरण आड येत होते आणि कॉमिक्स कोड या प्रकाशकांनीच १९५४ मध्ये स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीतील बंदी १९८९ पर्यंत सैल झाली नव्हती. २०१२ मध्ये त्याचे लग्नही लागले. आपल्या कागदावर कोणाचाही कोड नसताना आपण पुन्हा गुपितापासून सुरुवात का करावी?

निपाणीकर

माझा विरोध मुळापासूनच आहे, म्हणून मी रकान्यांच्या वादात शिरत नाही. आपल्या गटांमध्ये अकरावी-बारावीची मुलेही बसतात आणि खेळ कोणाच्या तरी घरी, आई-वडिलांच्या देखत चाललेला असतो. ज्या घरात मोठ्या बहिणीच्या लग्नाविषयीही मुलांसमोर बोलत नाहीत, तेथे नायकाचे प्रेम कोणावर आहे ही चर्चा आपण नेणार, आणि तिचे परिणाम त्या घरातील मुलाला भोगावे लागणार. राकसकोपचे धरण फुटत असेल तर ते रोखणारा कोणावर प्रेम करतो, हे शहराला जाणून घ्यायचे नसते. शिवाय ‘सहापैकी दोन’ हे आधी ठरवून मग माणसे घडवायला बसणे मला पटत नाही. माणूस आधी दिसला पाहिजे.

टिळकवाडीकर

निपाणीकर, आपण मुलांची काळजी मांडली आहे, ती मी बाजूला सारत नाही. परंतु नायकाचे प्रेम विचारू नये हा नियम आपण आजवर कोणाला लावला आहे? मागील मोहिमेत आपल्याच पात्राची वाग्दत्त वधू किल्ल्याच्या खंदकात अडकली होती आणि ती संपूर्ण बैठक तिच्या सुटकेत गेली. कोणाच्याही आई-वडिलांनी हरकत घेतली नाही. वयाचा प्रश्न असेल तर शृंगार सर्वांसाठीच पडद्याआड ठेवावा, आणि पहिल्या बैठकीआधी कोणते विषय टेबलावर येणार नाहीत हे सर्वांनी मिळून ठरवावे. एक्स-कार्डची पद्धत आपल्याकडे आहेच: ज्याला प्रसंग नकोसा होईल त्याने कार्डाला हात लावावा, आणि कारण न विचारता प्रसंग तेथेच सोडून द्यावा.

खानापूर तालुका

मी स्वतः समलिंगी आहे आणि धागाकर्त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

वायरमनच्या कागदावर फक्त ‘नाते’ लिहिले, तर तो माणूस कणकुंबीचा उरत नाही. त्या भागातील वाडीत कोणाच्या दारात कोणाची गाडी किती वेळ उभी होती, हे दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालताना सर्वांना माहीत झालेले असते. ज्याला हे जगावे लागते तो बेळगावहून येणाऱ्या बसमधून एक थांबा आधी उतरतो. शर्टाला लागलेला दुसऱ्याच्या अत्तराचा वास जाईपर्यंत स्टँडवरच बसून राहतो. चुलतभावाच्या मुलाच्या बारशाला गेल्यावर ‘आता तुझा नंबर’ या वाक्यावर कसे हसायचे, हे त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. दिवसा एक आणि रात्री एक असे वागण्याचा सराव त्याला वीज अंगात येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मुखवटा त्याला नवा नाही, आणि त्याच्या सुपरहिरो होण्यात हेच तर पाहण्यासारखे आहे. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या रोलप्लेइंग खेळापासून गुप्त ओळख ही सुपरहिरोची उणीव म्हणून लिहिली जाते आणि तिचे गुण मिळतात. सर्व नायकांना जी सवलत आहे ती आमच्याच नायकाला नाकारून त्याचा सन्मान होतो, हे मला समजत नाही.

धागाकर्ते म्हणतात की अपमानाचा मोबदला देणे वाईट. प्रत्यक्ष आयुष्यात मला त्या भीतीच्या बदल्यात काहीही मिळत नाही. खेळात निदान फासा पुन्हा टाकता येतो, आणि तो पॉइंट माझ्या हातात आल्यावर पुढच्या लढाईत मी त्याचे काय करायचे ते मी ठरवतो. हा खेळ मला आवडण्याचे हे मोठे कारण आहे. त्या नियमावलीचे रचनाकार स्टीव्ह केन्सन हे स्वतः उघडपणे समलिंगी आहेत. ‘पूर्वग्रह’ ही अडचण त्यांनी अजाणतेपणी ठेवली असेल असे मला वाटत नाही.

मोहीम कोणत्या वर्षी घडते हेही ठरवावे लागेल. ६ सप्टेंबर २०१८ पूर्वीची असेल तर कायद्याचे रक्षण करणारा हा नायक समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ नुसार स्वतःच गुन्हेगार ठरतो आणि पोलीस ठाण्यातील प्रत्येक प्रसंगाला वेगळी धार येते. त्यानंतरची असेल तर ठाण्याची भीती ओसरते आणि भीतीचे ठिकाण घर होते. विवाहाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला गेला असल्याने नॉर्थस्टारचा २०१२ चा सोहळा आपल्या नायकाला आजही कायद्याने मिळणार नाही. हे सगळे ‘नाते’ या एका ओळीत कोठे बसवायचे?

शहापूरची वाचक

वरील संपूर्ण चर्चा वायरमनची झाली. फाउंड्रीतील मुलगी पहिल्या परिच्छेदात आली आणि तेथेच राहिली, याकडे लक्ष वेधते.

तिच्या बाबतीत ‘गुपित’ हा रकाना योग्य नाही, परंतु माझे कारण धागाकर्त्यांपेक्षा वेगळे आहे. वडगाव किंवा अनगोळमध्ये दोन नोकरदार मुलींनी मिळून खोली घेतली तर घरमालकीण उलट निर्धास्त होते. कोणी संशय घेत नाही. त्या दोघींचे प्रेम लपवावेच लागत नाही, कारण ते कोणाच्या ध्यानीमनीही नसते. तिला धोका स्थळाचा आहे. मामांनी चंदगडकडचे एक घराणे सुचवलेले असते, मुलाला नोकरी असते, पाहण्याचा रविवार ठरलेला असतो आणि तो रविवार ओतकामाच्या भट्टीवर खलनायक चालून येण्याच्या दिवशीच येतो. तिच्या कागदावर अडचण म्हणून ‘घरचे स्थळ पाहत आहेत’ एवढेच लिहा. गेम मास्टरला त्यातून प्रत्येक बैठकीत नवा पेच काढता येईल: पत्रिका जुळली, फोटो मागवला, पाहुणे बसस्थानकावर उतरले. यात कोणाला तिला शिवी द्यावी लागत नाही, आणि दडपण मात्र बैठकीगणिक वाढत जाते.

दुसरे, तिची जोडीदार कन्नडभाषक आहे, म्हणून घरचा विरोध भाषेच्या प्रश्नावरच रंगवण्याचा मोह आवरावा. सीमाभागात मराठी-कन्नड सोयरिकी पिढ्यान्पिढ्या झालेल्या आहेत आणि दोन्ही भाषा बोलणाऱ्या आज्या आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. मुलीची आई भाषेची तक्रार पुढे करील ती मूळ गोष्ट उच्चारावी लागू नये म्हणून, आणि हा प्रसंग कोणी मन लावून खेळला तर मला तो पाहायला आवडेल.

तिसरे मी आग्रहाने सांगते. समलिंगी नायिका घडवणारे बहुतेक खेळाडू पुरुष असतात आणि त्यांच्या हातून ती पुष्कळदा पाहण्याची वस्तू होते. डीसीची समलिंगी नायिका बॅटवुमन २००६ साली नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या लाल केसांची आणि पोशाखाची चर्चा अधिक झाली. पुढे तिची पूर्वकथा आली: लष्करी अकादमीत तिला आपल्या समलिंगी असण्याविषयी खोटे बोलून राहता आले असते, पण तिने नकार दिला आणि अकादमी सोडली. अमेरिकी सैन्यातील ‘विचारू नका, सांगू नका’ हे समलिंगींना ओळख लपवायला लावणारे धोरण २०११ पर्यंत लागू होते. बेळगावच्या कॅम्पात वाढलेल्या कोणालाही गणवेश गमावण्याचा अर्थ कळतो. त्या कथेनंतर ती व्यक्ती म्हणून उभी राहिली.

आणि कृपया तिला मारू नका. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातील, स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा आत्महत्या करते, आणि मराठी प्रेक्षकाला आठवणारी अशी नायिका आजही बहुधा तीच असते. नाटकाचे मोल मी कमी करत नाही. पण आपल्या मोहिमेतील मुलगी शेवटच्या बैठकीनंतरही फाउंड्रीत पाळीवर गेली पाहिजे.

सौंदत्ती रस्ता

सुपरहिरो ही कल्पना परकी आणि हा विषयही परका, असे वाटणाऱ्यांना मी वेगळी वाट सुचवतो. सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्माचे जोगप्पा आहेत, म्हणजे देवीला वाहिलेले आणि स्त्रीवेशात राहणारे भक्त. त्याच परंपरेतील लोककलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वायरमनऐवजी जोगप्पाचे पात्र घ्या. देवीची परंपरा पाठीशी असल्यामुळे निपाणीकरांसारख्यांचाही आक्षेप उरणार नाही.

शहापूरची वाचक

जोगप्पांचे पात्र अवश्य घ्यावे, पण ते सातवे पात्र म्हणून घ्यावे. जोगप्पांचा प्रश्न आपण पुरुष आहोत की स्त्री याच्याशी आणि देवीने अंगात येऊन धरण्याच्या श्रद्धेशी निगडित आहे. वायरमन स्वतःला पुरुषच मानतो आणि त्याचे प्रेम पुरुषावर आहे. एकाच्या जागी दुसऱ्याला बसवले तर दोघांवरही अन्याय होईल. परंपरेचा आधार असेल तरच माणूस चालेल, ही अटही मला मान्य नाही.

निपाणीकर

जोगप्पांमुळे माझा आक्षेप उरणार नाही, हे गृहीत धरू नये. माझा प्रश्न परंपरेचा नव्हता. अल्पवयीन खेळाडू ज्या गटात आहेत तेथे हा विषय त्यांच्या घरच्यांना सांगितल्याशिवाय आणू नये, या मतावर मी ठाम आहे. मात्र स्थळ पाहण्याचा तो प्रसंग वाचल्यावर फाउंड्रीतील मुलगी मला माणूस म्हणून दिसली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. वायरमन अजून दिसलेला नाही.

टिळकवाडीकर

अल्पवयीन मुलांच्या पालकांना आधी सांगण्याची सूचना मी गटापुढे ठेवीन. फाउंड्रीतील मुलीच्या कागदावर शहापूरच्या वाचक म्हणतात तेच लिहिले जाईल.

वायरमनबाबत माझे मत कायम आहे. खानापूर तालुका यांना त्या भीतीतून जो आनंद घडवता येतो, तो तेच पात्र खेळणार असतील तर निश्चित मिळावा. पण आमच्या गटात ते पात्र एका विवाहित, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या मित्राने मागितले आहे आणि गेम मास्टर मी आहे. तेव्हा एक न अनुभवलेला माणूस दुसऱ्या न अनुभवलेल्या माणसाला हिणवणार, आणि टेबलावर गप्प बसलेला एखादा मुलगा ते ऐकत राहणार. तो मुलगा कार्डाला हात लावणार नाही, कारण हात लावणे म्हणजेच सर्वांसमोर सांगणे. तुम्ही या खेळाला बसणार असाल, तर मात्र वायरमन तुमचा.

खानापूर तालुका

त्या गप्प मुलाचा मुद्दा मला मानावा लागतो. एके काळी तो मुलगा मी होतो. कार्ड सर्वांसमोर न ठेवता गेम मास्टरला बैठकीआधी फोनवर संदेश पाठवण्याची मुभा ठेवावी, म्हणजे त्याला हात हलवावा लागणार नाही.

मी येतो. वायरमनच्या कागदावर दोन्ही ओळी असतील: रामनगरच्या माणसाशी असलेले नाते, आणि गुपित. गुपितापुढे मी एवढे जोडणार आहे की ते उघड करण्याची वेळ खेळाडू ठरवील, गेम मास्टर नाही. हे नियमाला धरून आहे की नाही, यावर आपण पहिल्या बैठकीआधी बोलून घेऊ. शनिवारी शेवटच्या बसने मला परत जावे लागते, तेव्हा खेळ दुपारीच सुरू करावा.