अनुभव धागा : दोन लाख किलोमीटरनंतरची डिझेल गाडी, तिचा भरवसा आणि दुरुस्तीचा खर्च

आमच्या घरची डिझेल सेडान २०१३ सालची आहे आणि गेल्या आठवड्यात तिच्या मीटरवर २,८६,००० हा आकडा आला. यातले निम्म्याहून अधिक अंतर इंदूर–पुणे रस्त्यावरचे आहे. आईवडील पुण्यात असल्यामुळे सेंधव्याचा घाट, धुळे, मनमाड आणि नगर असा जवळपास सहाशे किलोमीटरचा प्रवास आम्ही वर्षातून दहा-बारा वेळा करतो. गाडीने आजवर रस्त्यात एकदाही सोडलेले नाही. नियमित सर्व्हिसिंग आणि टायर वगळता दुरुस्तीवर झालेला सगळा खर्च मी वहीत लिहून ठेवला आहे. तो २,१८,००० रुपये भरतो, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ७६ पैसे. त्यात दोन क्लच, एक रेडिएटर, एक अल्टरनेटर आणि खालच्या आर्म-बुशांची कामे तीन वेळा, असा ऐवज आहे.

आता मात्र पेच पडला आहे. महिनाभरापासून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सुरू होताना पांढरा धूर येतो आणि पहिली दोन-तीन मिनिटे इंजिन थरथरते. एका मोठ्या वर्कशॉपने चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) नवे आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) बदली, असा ८४,००० रुपयांचा अंदाज दिला. गाडी विकली तर दोन लाखांच्या आसपास येतील असे दलाल सांगतात. ज्यांनी डिझेल गाडी खूप चालवली आहे त्यांनी किती किलोमीटर, कशा रस्त्यावर, काय बदलले आणि किती रुपये लागले, हे कृपया सविस्तर लिहावे. ऐकीव मतांपेक्षा स्वतःच्या गाडीचे आकडे मला अधिक उपयोगी पडतील.

सुदामानगर, इंदूर. सेडान, २०१२, २,४०,००० किमी

माझ्या गाडीचे इंजिन १२४८ सीसीचे होते. त्या इंजिनात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवायला, बेल्ट नसून साखळी असते आणि ती बदलावी लागत नाही, अशी माझी समजूत होती. ती समजूत मला महागात पडली, म्हणून तपशिलात लिहितो.

या इंजिनात तेल जेमतेम तीन लिटर मावते. माझी गाडी दोन लाखांनंतर थोडे तेल खाऊ लागली होती, पण सर्व्हिसिंग दहा हजारांवर ठरलेली असल्यामुळे मधल्या काळात मी डिपस्टिक कधी ओढून पाहिली नाही. साखळीला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. एवढ्याशा तेलातले लिटरभर जरी कमी झाले, तरी थंड इंजिन सुरू होताना दाब उशिरा तयार होतो आणि तेवढा वेळ साखळी सैल राहते. सुमारे दोन महिने सकाळी पुढच्या बाजूने साखळी घासल्यासारखा खरखर आवाज येत असे आणि तो चार-पाच सेकंदांत थांबत असे. डिझेलचा आवाज असाच असतो, असे मी मनाला समजावले. एके दिवशी माणपूरच्या पुढे साखळीने दाते सोडले, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले आणि गाडी टोचन करून आणावी लागली. हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) काम, सगळे व्हॉल्व्ह, साखळीचा संच आणि मजुरी मिळून ६४,००० रुपये गेले. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हाच साखळी, टेन्शनर आणि गाईड बदलले असते, तर बारा-तेरा हजारांत भागले असते, असे त्याच मिस्त्रीने मला हिशेब मांडून दाखवले.

धागाकर्त्यांच्या गाडीत साखळी असेल, तर इंजेक्टरच्या आधी तिचा आवाज थंड इंजिनावर एखाद्या जाणकाराला ऐकवावा, अशी माझी विनंती आहे. मी आता दर हजार किलोमीटरला, गाडी सपाट जागी उभी करून, तेल स्वतः पाहतो.

लोकमान्यनगर, इंदूर. सात आसनी गाडी, २०१०, ४,१०,००० किमी

रोज पीथमपूरला कारखान्यात जाणे-येणे आणि सुट्टीत सगळे कुटुंब घेऊन कोकणात, असा आमच्या गाडीचा वापर आहे. इंजिनाचे हेड अजून उघडलेले नाही. टायमिंग बेल्ट दर लाखाला, म्हणजे चार वेळा, आयडलर (बेल्टची कप्पी) आणि वॉटर पंपासह बदलला. शेवटच्या वेळी ११,५०० रुपये लागले. बेल्ट चांगला दिसतो, आणखी वीस हजार चालेल, असे मला दोनदा सांगण्यात आले, पण मी ऐकले नाही. खर्च झाला तो शॉकअब्सॉर्बर, बुश आणि स्टिअरिंग रॅकवर, आणि त्याला कारण आमचे रस्ते आहेत. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मनोरमागंज, इंदूर. छोटी एसयूव्ही, २०२१, ३१,००० किमी

माझी गाडी या धाग्याच्या विषयात बसत नाही, कारण ती फारच कमी चालली आहे. तरीही लिहिते, कारण कमी किलोमीटरची डिझेल गाडी म्हणजे निर्धोक गाडी, असे समजून कोणी मोठ्या आकड्याची चांगली गाडी विकू नये.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी तिथे सुमारे ६०० अंश तापमान लागते, आणि ते मिळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. माझे घर ते दवाखाना हे अंतर तीन किलोमीटर आहे. गाडी जाळण्याची क्रिया सुरू करायची आणि मी इंजिन बंद करायची, असे महिनोन्महिने चालले. फिल्टर तुंबून दिवा लागला. त्याहून वाईट म्हणजे तपासणीत इंजिन ऑईलची पातळी वाढलेली निघाली. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेला सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरले होते. तेल वाढलेले पाहून मला आधी बरेच वाटले होते, हे प्रांजळपणे सांगते. प्रत्यक्षात ते पातळ झालेले, निकामी तेल होते.

यंत्र लावून फिल्टर साफ करणे आणि तेल-फिल्टर बदलणे, याला ११,००० रुपये लागले. नवा फिल्टर घालावा लागला असता, तर खर्च लाखाच्या जवळ गेला असता. आता दर रविवारी सकाळी राऊकडून बायपासला लागते आणि देवासच्या दिशेने पाऊण तास गाडी एका लयीत चालवते. त्यानंतर दिवा लागलेला नाही. शहरात एवढेच फिरायचे असेल तर डिझेल घेऊ नये, हे मला विकत घेण्याआधी कोणी सांगायला हवे होते.

लष्कर, ग्वाल्हेर. सेडान, २०१४, खरे किलोमीटर अज्ञात

दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम ठेवली. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या गाड्या तिकडून आमच्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. २०२२ मध्ये मी अशीच एक घेतली. मीटरवर ६८,००० होते. क्लच पेडलचे रबर गुळगुळीत झालेले होते, चालकाच्या आसनाची कड फाटलेली होती आणि स्टिअरिंग चकचकीत झाले होते. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आणि तरी आकड्यावर विश्वास ठेवला. पहिल्या वर्षात क्लच आणि टर्बो मिळून ५२,००० गेले, तेव्हा अधिकृत सर्व्हिसची जुनी नोंद काढली. त्यात २०२० मध्येच १,४०,००० किलोमीटर लिहिलेले होते.

धागाकर्त्यांना एवढेच सांगतो की तुमच्या हातात खऱ्या आकड्याची, वहीत लिहिलेली गाडी आहे. ती विकून त्याच पैशात तुम्ही जी आणाल, तिच्याबद्दल तुम्हाला यातले काहीही माहीत नसेल.

रामबाग, इंदूर. हॅचबॅक, २००४, १,७५,००० किमी

आमच्या जुन्या १४०५ सीसीच्या गाडीत यांत्रिक पंप आहे, संगणक नाही. पंप एकदाच खोलला. वेग नाही आणि आवाज आहे, पण साधा मिस्त्रीही तिला हात लावू शकतो. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२४ मध्ये त्याचे शुल्क ५,००० रुपये भरले. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरील गाडीसाठी ते १०,००० झाले आहे. जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी हा आकडाही हिशेबात धरावा.

देवास नाका, इंदूर. डिझेल पंप आणि इंजेक्टरचे काम करणारा

धागाकर्त्या दादांनी लिहिलेली लक्षणे वाचली. न तपासता चार इंजेक्टर आणि टर्बो सांगणे मला पटत नाही. आधी परतीची चाचणी करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी, म्हणजे उरलेले डिझेल टाकीकडे नेणारी नळी, काढून तिथे एकेक बाटली लावतात आणि इंजिन ठरावीक वेळ चालवतात. जो इंजेक्टर आतून गळतो, त्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते. गळणारा एक इंजेक्टरसुद्धा रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब पळवतो, म्हणून सेल्फ लांब मारावा लागतो. केवळ सकाळी पांढरा धूर आणि थरथर असेल, तर थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे हीटर प्लगही तपासा, कारण एक प्लग गेला तरी तो सिलिंडर थंडीत उशिरा पेटतो आणि न जळलेले डिझेल पांढरे होऊन बाहेर येते. टर्बोच्या नळीत तेलाचा हलका ओलावा या वयाच्या इंजिनात असतोच. शाफ्ट हाताने हलवून त्यात खेळ आहे का, एवढे पाहिल्याशिवाय टर्बो काढू देऊ नका. इंजेक्टर दुरुस्त करून परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवेच घाला आणि इंजेक्टर नवा घेतल्यास त्याचा कोड संगणकात भरला का, हे उभे राहून विचारा. कोड न भरल्यामुळे चांगले इंजेक्टर खराब ठरवून परत आणलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहेत.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सुदामानगरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी थंड इंजिनावर साखळी ऐकवली. तिचा आवाज नाही. मग शहरातल्या एका पंप-इंजेक्टरच्या कारागिराकडे परतीची चाचणी केली. दुसऱ्या आणि चौथ्या इंजेक्टरची बाटली इतर दोघांच्या तिप्पट भरली. चारपैकी दोन हीटर प्लग गेलेले निघाले. टर्बोच्या शाफ्टमध्ये खेळ नाही. दोन इंजेक्टरची दुरुस्ती ११,०००, चारही हीटर प्लग ३,८००, डिझेल फिल्टर १,४००, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) सफाई १,८०० आणि वॉशर-मजुरी ३,६०० असे एकूण २१,६०० रुपये लागले. काल सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि धूर आला नाही. शनिवारी पुण्याला निघतो आहोत. परत आल्यावर मीटरचा आकडा आणि तेलाची पातळी इथे लिहीन. तोवर ज्यांनी तीन लाखांनंतर इंजिन बांधून घेतले आहे, त्यांनी पिस्टन-रिंगचे काम कोणत्या लक्षणावर केले आणि त्यानंतर गाडी किती चालली, हे जरूर लिहावे.