पळवाट? मग या वाटेने एकदा चालून बघा

चौथा_घास :

गेल्या आठवड्यात सरळ_रेघ यांनी इथे लिहिलं, “वजनासाठी ऑपरेशन करून घेणं ही पळवाट आहे. ज्याला तोंडावर ताबा ठेवता येत नाही तो पोट कापून घेतो.” बऱ्याच जणांनी त्यावर माना डोलावल्या. चार दिवस गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे.

साडेतीन वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह झाली, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढून नळीएवढं जठर ठेवण्याचं ऑपरेशन. ११८ किलोवरून ७४ वर आले, आता ८१ आहे. त्याआधीची वीस वर्षं मी तोंडावर ताबा ठेवण्यातच घालवली होती. पाच वेळा पंधरा-वीस किलो उतरवले, पाचही वेळा ते व्याजासकट परत आले. निग्रह नसलेल्या माणसाला हे पाच वेळा जमतं का?

ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर काढायचे असतात. यकृत जठरावर पसरलेलं असतं, त्यातली चरबी उतरून ते आक्रसलं नाही तर दुर्बिणीतून काम करायला जागाच मिळत नाही. नवव्या दिवशी घरच्यांना वाढता वाढता मी भिंतीला टेकून रडले. समुपदेशक बाईंनी आधीच विचारलं होतं, “वाईट वाटलं की काय करता?” म्हटलं, “खाते.” “आणि खाता आलं नाही तर?” तो प्रश्न तेव्हा मला औपचारिक वाटला. त्याचा अर्थ तीन महिन्यांनी कळला.

ऑपरेशननंतर सुरुवातीला औषधाच्या बाटलीबरोबर येतं तेवढं टोपण, तीस मिली पाणी, ते पाव तास घोट घोट प्यायचं. मग पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. त्याचा गजर माझ्या फोनवर आजही वाजतो. तिसऱ्या घासापर्यंत सगळं छान असतं. चौथा जरा घाईने गेला की छातीच्या मधोमध दगड बसतो, नाक गळायला लागतं, तोंडात फेसासारखी लाळ दाटते आणि चारचौघांतून उठून बेसिन गाठावं लागतं. चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीत मूठभर केस. ते परत येतात, पण आपले केस रोज वेचणाऱ्या माणसाला ते पटत नाही.

आणि खरी परीक्षा संध्याकाळी सातला. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग गेला, भुकेचं हार्मोन जिथे मुख्यतः बनतं तो वरचा भागही त्यातच गेला. पहिलं वर्षभर मला भूक अशी लागलीच नाही. पण ऑफिसात कुणी टाकून बोललं की घरी येऊन हात कपाटाकडे जायचाच. दार उघडून नुसती उभी राहायचे. वीस वर्षं जे माझं सांत्वन होतं ते काढून नेलं होतं, आणि त्या जागी काय ठेवायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे जे शिकले ते कष्टाने. त्याला पळवाट म्हणू नका.

सरळ_रेघ :

वाक्य माझंच आहे आणि मी ठाम आहे. ३४ किलो कमी केले, रोज चालून आणि खाल्लेलं सगळं वहीत लिहून. सहा वर्षं टिकवलेत. आजारी असताना चाललो, वडील गेले त्या महिन्यातही वही लिहिली. तेव्हा ‘जमत नाही’ हे मला सांगू नका.

आणि माझा राग कुठून येतो तेही सांगतो. आमच्या ऑफिसातल्या एकाने वर्षभरात पन्नास किलो घटवले. सगळ्यांना सांगायचा, “साखर सोडली आणि पहाटे उठायला लागलो.” माझी बायको त्याच्या सल्ल्याने आठ महिने अर्धपोटी राहिली. तिचे सहा किलो उतरले. ती स्वतःला दोष देत राहिली, “त्याला जमतं, मलाच जमत नाही.” मग कळलं की त्याचं ऑपरेशन झालं होतं. तिचं ते रडणं मी पाहिलंय. तुम्ही इथे टोपणनावाने सगळं सांगताय. तुमच्या ऑफिसात माहीत आहे का?

दुर्बीण_धरणारा :

मी शस्त्रक्रिया विभागात काम करतो, म्हणून दोन गोष्टी. निग्रहाबद्दल : अमेरिकेतल्या एका वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं होतं, २०१६ साली ते छापून आलं. विश्रांतीत असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे वजन उतरलं की शरीर चूल मंद करतं, आणि वर्षानुवर्षं मंदच ठेवतं. सरळ_रेघ, तुम्ही त्याच्याशी रोज लढताय. तुमचं कौतुकच आहे. पण सगळ्यांना तीच लढाई जिंकता येईल हा हिशेब चुकीचा.

दुसरं, फायद्याबद्दल. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर ऑपरेशन झालेल्यांची तेवढ्याच न झालेल्यांशी तुलना केली. २००७ च्या निष्कर्षात ऑपरेशनवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे २९ टक्के कमी निघालं. हा विषय दिसण्याचा नाही, जगण्याचा आहे.

उन्हातली_सावली :

दुर्बीण_धरणारा, तुम्ही लोक आकडे सांगता आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळता. मी सात वर्षांपूर्वी बायपास केली, हृदयाची नव्हे, जठराची : जठर लहान करून अन्न थेट आतड्याच्या पुढच्या भागात वळवतात ती. त्याच स्वीडनच्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली, हेही सांगा ना. माझं तिसऱ्या वर्षापासून वाढायला लागलं तेव्हा मला वाटलं, जगात मी एकटीच नापास झाले. ‘थोडं परत येतंच’ एवढं वाक्य आधी कानावर असतं तरी मी वर्षभर वजनकाट्यापासून लपले नसते.

आणि गोळ्या! बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, सगळं जन्मभर. मला निघताना एक कागद दिला होता, त्यावर सहा महिन्यांपर्यंतचं लिहिलेलं. सातव्या महिन्यापासून काय, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोन वर्षांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या, फरशी कापसासारखी लागायची. बी-१२ तळाला गेलं होतं. डावा पाय अजून पूर्ण माझा नाही. चौथा_घास, तुमचं लिखाण सुंदर आहे, पण तुम्ही याला शौर्यगाथा करताय. मला तशी वाटत नाही. मला आजही नक्की सांगता येत नाही की मी पुन्हा होकार दिला असता.

चौथा_घास :

सावली, शौर्यगाथा लिहायची नव्हती. पाय वाचून हात थांबला. माझ्या गोळ्या मी गेल्या वर्षी चार महिने सोडल्या होत्या, ‘आता बरी आहे’ म्हणून. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, मी टाळलं.

सरळ_रेघ, ऑफिसात फक्त एका मैत्रिणीला माहीत आहे. कारण मी पाहिलंय काय होतं ते. ज्या नणंदेला सांगितलं, ती प्रत्येक जेवणात माझ्या ताटाकडे बघते. “एवढं चालतं का तुला?” चारच घास घेतले तर “असं जगण्यात काय अर्थ?” माझ्या पोटात काय आहे आणि काय नाही, ही माहिती मी जगाला देणं लागत नाही.

सरळ_रेघ :

देणं लागत नाही, मान्य. पण गप्प राहणं वेगळं आणि ‘साखर सोडली’ सांगणं वेगळं. पहिल्याने तुमचं खासगीपण राहतं. दुसऱ्याने माझ्या बायकोसारख्यांचं नुकसान होतं.

नवी_सुई :

२०२६ मध्ये कापाकापीवर भांडताय? आठवड्याला एक इंजेक्शन, विषय संपला. माझे १९ किलो गेले, एक टाका नाही.

दुर्बीण_धरणारा :

विषय संपत नाही. सेमाग्लुटाइड, म्हणजे अशा आठवडी इंजेक्शनातलं एक औषध, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीतच दिसलंय. चांगलं औषध आहे, पण तेही चालू ठेवावं लागतं. फक्त आधार वेगळा.

रिकामी_खुर्ची :

सांगायचं की लपवायचं यावर एवढं चाललंय, पण घरात काय होतं ते कुणी बोलत नाही. बायकोचं ऑपरेशन मी करवून घेतलं. दोन आठवडे मीही तिच्याबरोबर पातळच घेत होतो. रात्री उठून तिला पाणी पाजलं, टोपण टोपण. दीड वर्षाने ती म्हणाली, मला वेगळं राहायचंय. आधी नव्या कपड्यांत आरशापुढे उभी राहायची, मग नवे मित्र, मग मी नको. वजनाबरोबर मलाही उतरवलं. याबद्दल आधीच सावध करणारा एकही डॉक्टर मला भेटला नाही.

उन्हातली_सावली :

म्हणजे ती जाड होती तोवर तुमची होती, असंच ना?

रिकामी_खुर्ची :

तोंड सांभाळून लिहा. तुम्हाला माझ्या घरातलं काय माहीत?

दुर्बीण_धरणारा :

स्वीडनच्याच माहितीवर २०१८ मध्ये हे छापून आलंय. ऑपरेशननंतर जोडीदार असलेल्यांत विभक्त होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि एकट्या असलेल्यांत नवं नातं किंवा लग्न होण्याचंही जास्त. तुमचा अनुभव एकट्याचा नाही, एवढंच. सावली, तुमचं वाक्य लागट होतं.

उन्हातली_सावली :

लागट होतं. पण मागे घेत नाही, कारण मी दुसऱ्या बाजूला राहिलेय. माझा नवरा सोडून गेला नाही, उलट जास्तच चिकटला. मी कुठे जाते, कुणाशी बोलते, नवा कुर्ता कशासाठी. पूर्वी मी भांडायचेच नाही. जाड बाईने घरात ठेवून घेतल्याबद्दल आभारी असावं असं मला वाटायचं, आणि त्यालाही ते सोयीचं होतं. वजन उतरल्यावर मी पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं. ऑपरेशनने संसार मोडत नाही, भाऊ. आधी एक जण सगळं सहन करत होता, तो सहन करायचं थांबतो.

रिकामी_खुर्ची :

मी तिला ठेवून घेतलं नव्हतं. माझं प्रेम होतं.

(दुसऱ्या दिवशी) रात्रभर विचार केला. एक गोष्ट आठवली, लिहू नये असं वाटत होतं. ती ६८ वर आली तेव्हा मी म्हणालो होतो, “आता बास, ओळखू येत नाहीस.” मला ते गमतीचं वाटलं होतं. ती त्या दिवशी जेवली नाही. सावली, तुमचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. पण एवढं आठवलं.

चौथा_घास :

खुर्ची, ‘ओळखू येत नाहीस’ हे मी स्वतःलाच म्हणायचे. ७४ किलोची असताना दोन टेबलांच्या फटीतून जाताना मी अजून तिरकी व्हायचे. हातांच्या खुर्चीत बसण्याआधी हाताने रुंदी मोजायचे. काचेच्या दारात कुणीतरी बाई दिसली, बाजूला झाले, तर तीही झाली. मीच होते ती. शरीर दीड वर्षात बदललं, डोकं अजून मागून येतंय. तुमच्या बायकोलाही तेव्हा ‘ओळखतो’ असं ऐकायचं असेल. माझा अंदाज आहे, खात्री नाही.

सरळ_रेघ :

धागा माझ्या वाक्यावरून सुरू झाला म्हणून बोलतो. ‘पळवाट’ हा शब्द मागे घेतो. ‘तोंडावर ताबा’ तर आधीच चुकीचं होतं. रोज वीस वेळा चावून गिळणाऱ्याला ते मी सांगू नये. पण हे मागे घेत नाही : ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांनी दुसऱ्याला आहाराचे सल्ले देताना ते सांगावं. किंवा सल्ले देऊ नयेत.

चौथा_घास :

सल्ल्यांबद्दलचं मान्य. गेल्या महिन्यात एका मुलीने मला जिन्यात गाठून विचारलं, “ताई, कसं केलंत?” मी म्हणाले, “हळूहळू खाते.” खोटं नव्हतं. पण तिचा चेहरा तुमच्या बायकोबद्दल वाचताना डोळ्यांपुढे आला. सोमवारी तिला सांगेन.

पहिली_पायरी :

नुसती वाचत होते. माझी स्लीव्ह अठरा दिवसांवर आलीय, पातळ आहार परवापासून. सगळं वाचून घाबरलेय. नेमकं काय करू?

चौथा_घास :

घाबरा, पण जा. लहान मुलांचा चमचा घ्या, मोठ्याने घास आपोआप मोठा होतो. प्रथिनं आधी, बाकी नंतर. दिवसाला किमान साठ ग्रॅम भरायला हवीत. गरोदर राहायचा विचार असेल तर वर्ष-दीड वर्ष पुढे ढकला. आणि संध्याकाळी सातला फोन करता येईल असं एक माणूस आजच ठरवून ठेवा.

उन्हातली_सावली :

उलट्या थांबत नसतील तर ‘होईल बरं’ म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी जा. बी-१ जीवनसत्त्व संपलं तर मेंदूवर जातं. सातव्या महिन्यापासून कुठल्या तपासण्या कधी करायच्या, हे निघायच्या आधी लिहून घ्या. त्या कागदावर सही मागा.