जिंप उघडल्यावर आधी काय पाहावे? जुना फोटो दुरुस्त करायचा आहे

प्रश्न – अमळनेरहून

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी आजीचा एक कृष्णधवल फोटो आहे. त्यात ती कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातील देवीच्या, चौरंगाशेजारी बसलेली आहे. फोटो जेमतेम दोन बाय तीन इंचांचा आहे आणि मधोमध घडी पडल्यामुळे एक पांढरी रेघ तिच्या खांद्यावरून थेट चौरंगापर्यंत गेली आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल, तेव्हा सगळे भाऊबंद गावी जमतील. त्या वेळी प्रत्येक घरासाठी या फोटोची दुरुस्त केलेली प्रत तयार असावी, अशी माझी फार इच्छा आहे.

फोटो दुकानातून ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून आणला आणि संगणकावर जिंप हे फोटो दुरुस्तीचे मोफत सॉफ्टवेअर घेतले. पहिल्या दिवशी ब्रश कितीही फिरवला तरी फोटोवर काहीच उमटेना. दुसऱ्या दिवशी ब्रश चालला, पण खूण करण्यासाठी लाल रंग निवडूनही राखाडीच रंग उमटला. त्यानंतर कोणती कळ दाबली गेली कोण जाणे, दोन्ही बाजूंचे सगळे पॅनल नाहीसे झाले. शिकवणारे व्हिडिओ पाहिले, परंतु ते थेट एखाद्या टूलपासून सुरू होतात आणि त्यांच्या पडद्यावर जे दिसते ते माझ्या पडद्यावर नसते. टूल शिकण्याआधी हा पडदा वाचायला कसा शिकावा, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ – भुसावळहून

ताई, आपण प्रश्न अगदी योग्य जागी विचारला आहे. मी संगणक शिकवतो आणि नवे विद्यार्थी जिथे अडतात ती जागा नव्याण्णव वेळा टूलची नसते, पडद्याची असते.

आधी हरवलेल्या पॅनलविषयी. फोटोवर एकदा क्लिक करून टॅब कळ दाबा, म्हणजे दोन्ही बाजू परत येतील. टॅबने पॅनल लपतात आणि टॅबनेच दिसतात. एखादे पॅनल चुकून बंद झाले असेल, तर ‘विंडोज’ मेनूत अलीकडे बंद केलेल्या पॅनलची यादी असते, तेथून ते उघडता येते.

आता पडद्याची मांडणी. डावीकडे वर टूलबॉक्स, म्हणजे साधनांची पेटी, असते. २०१२ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीपासून सगळे एकाच खिडकीत ठेवण्याची सोय झाली. २०२० च्या २.१०.१८ पासून सारख्या कामाची साधने एकाच चिन्हाखाली गटाने ठेवलेली असतात, म्हणून जुन्या व्हिडिओत दिसणारी कितीतरी चिन्हे आपल्याला दिसत नाहीत. चिन्हाच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण असेल तर त्यावर उजवे क्लिक करा, मागची साधने उघडतील. टूलबॉक्सखाली टूल ऑप्शन्स असतात, म्हणजे हाती घेतलेल्या साधनाचा आकार, त्याची ओपॅसिटी (रंग किती दाट उमटतो ते) वगैरे. उजवीकडे लेयर्सचे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचे, पॅनल असते आणि त्याच भागात चॅनेल्स, पाथ्स यांचे टॅब असतात. मध्ये कॅनव्हास, म्हणजे फोटो दिसतो तो भाग.

ब्रश चालत नाही, असे वाटले की मी विद्यार्थ्यांना ब्रश बाजूला ठेवायला सांगतो आणि क्रमाने चार गोष्टी पाहायला लावतो. पहिली, लेयर्सच्या पॅनलमध्ये कोणता लेयर निवडलेला आहे, कारण साधन त्याच लेयरवर चालते, डोळ्यांना वर दिसणाऱ्या लेयरवर नव्हे. दुसरी, कुठे सिलेक्शन (कामासाठी निवडलेला भाग) राहून गेले आहे का? कॅनव्हासवर सरकत्या तुटक रेषांचा छोटासा चौकोन कोपऱ्यात राहिलेला असेल, तर ब्रश फक्त त्या चौकोनात चालेल आणि बाकी सगळीकडे निर्जीव वाटेल. कंट्रोल, शिफ्ट आणि ए या कळा एकत्र दाबल्या की सिलेक्शन जाते. आपल्या पहिल्या दिवशीच्या अडचणीचे कारण बहुधा हेच असावे. तिसरी, टूल ऑप्शन्समध्ये ओपॅसिटी ५ वगैरे तर राहिलेली नाही ना. चौथी गोष्ट इमेज मेनूतील ‘मोड’. दुकानदाराने कृष्णधवल फोटो म्हणून ग्रेस्केलमध्ये (फक्त राखाडी छटांत) स्कॅन केला असेल, तर त्या फाईलमध्ये रंग ठेवायला जागाच नसते, म्हणून लाल निवडला तरी राखाडी उमटतो. मोड आरजीबी, म्हणजे रंगीत, करा.

एवढे जरी अंगवळणी पडले, तरी पुढची साधने शिकताना आपण हतबल होणार नाही, याची मला खात्री आहे.

उत्तर २ – चाळीसगावहून

वरील उत्तर नीट आहे, त्यात थोडी भर घालतो. मी अनेक वर्षे स्टुडिओत डार्करूमचे काम केले आणि उशिरा संगणकाकडे वळलो. मला ही साधने लवकर उमगली, कारण त्यांपैकी पुष्कळशी आमच्या अंधाऱ्या खोलीतूनच आलेली आहेत. एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रत काढण्याच्या यंत्राखाली) कागदावर प्रकाश पडत असताना एखादा भाग फार काळा होऊ नये म्हणून तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती आम्ही त्यावर हलवत धरायचो, ते डॉज. आणि फिका राहणारा भाग गडद व्हावा म्हणून हाताच्या फटीतून तेवढ्यावरच जास्त वेळ प्रकाश द्यायचो, ते बर्न. जिंपमध्ये ही दोन्ही कामे एकाच साधनात आहेत, कंट्रोल कळ धरली की एकाचे दुसरे होते. फोटोशॉपमध्ये डॉजच्या चिन्हात काडीवरची चकती आणि बर्नच्या चिन्हात हात आहे, तो याच कारणाने. लेयर मास्कसुद्धा झाकण्याचेच तंत्र आहे. मास्कवर काळा रंग दिला की लेयरचा तो भाग झाकला जातो, पांढरा दिला की उघडतो.

टेबल-टॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जाणारे केकी मूस (१९१२–१९८९) आमच्याच गावी राहिले. टेबलावर वस्तू आणि उजेड हवा तसा मांडून मग फोटो घ्यायचा, ही ती पद्धत. कॅमेऱ्याआधी मांडणीकडे पाहायचे, तसेच साधनाआधी पडद्याकडे पाहायचे, म्हणून त्यांची आठवण झाली.

एक विनंती. आजीच्या चेहऱ्यावर डॉज फार चालवू नका. सुरकुत्या गेल्या की माणूस ओळखू येत नाही.

उत्तर ३ – शहाद्याहून

घडीच्या रेघेसाठी क्लोन आणि हील ही दोन साधने लागतील. दोन्हींत कंट्रोल धरून फोटोचा चांगला भाग निवडायचा आणि मग खराब भागावर ब्रश फिरवायचा असतो. क्लोन निवडलेला भाग जसाच्या तसा उतरवतो; हील त्याचा पोत घेऊन आजूबाजूच्या उजेड-सावलीशी जुळवून घेतो. म्हणून लुगड्यावर किंवा भिंतीवर हील सुंदर बसतो. मात्र चौरंगाची कड, जिथे काळ्याचे एकदम पांढरे होते, तिथे हील कडेचा काळेपणा आत ओढून डाग करतो. तेथे आधी क्लोनने कड सांधा, उरलेले हीलने करा.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ लेयरची डुप्लिकेट करा आणि सगळे काम वरच्या लेयरवर ठेवा. पॅनलमध्ये वरच्या लेयरपुढचे डोळ्याचे चिन्ह बंद-चालू करून मूळ फोटो आणि दुरुस्ती शेजारी ठेवल्यासारखी पाहता येते. जिंपमध्ये ‘सेव्ह’ केले की एक्ससीएफ फाईल होते, तीत लेयर शाबूत राहतात. दुकानात देण्याची जेपेग प्रत ‘एक्स्पोर्ट’ने काढावी लागते. केवळ जेपेग ठेवून एक्ससीएफ न ठेवल्यामुळे माझे आठ दिवसांचे काम एकदा पहिल्यापासून करावे लागले होते, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. कॅनव्हासच्या अगदी वरच्या कोपऱ्यात नखाएवढे सिलेक्शन राहिले होते. मी फोटो मोठा करून चेहऱ्याजवळ काम करत असल्यामुळे ते मला दिसतच नव्हते. मोडही ग्रेस्केलच निघाला. दोन संध्याकाळी बसून भिंतीवरची रेघ हीलने काढली आणि चौरंगाची कड क्लोनने सांधली. खांद्यावरचा भाग अजून बाकी आहे. लुगड्याच्या काठाची नक्षी घडीत पूर्ण गेली आहे, ती काठाच्या दुसऱ्या टोकाकडून घेऊ का? आणि एवढ्याशा फोटोची चार बाय सहा इंचांची प्रत चांगली येईल का?

उत्तर १ – भुसावळहून

काठ दुसऱ्या टोकाकडून घ्यायला हरकत नाही. काठ तिरपा असेल, तर तो तुकडा सिलेक्ट करून कॉपी करा, नव्या लेयरवर पेस्ट करा, फिरवून जागेवर बसवा आणि कडा लेयर मास्कने मऊ करा. प्रतीविषयी काळजी नसावी. दोन बाय तीन इंच ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यामुळे आपल्याकडे १२०० बाय १८०० पिक्सेल आहेत आणि चार बाय सहा इंचांची प्रत ३०० डीपीआयवर छापायला नेमके तेवढेच लागतात. त्यामुळे फोटो कुठेही क्रॉप करू नका. दुकानातही कडा न कापता छापायला सांगा.