जेट एअरवेजला वाचवायला हवं होतं का?

सहारकर: 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. कंपनीने तातडीचे 400 कोटी मागितले होते, स्टेट बँक आणि मंडळींनी नकार दिला. संस्थापक नरेश गोयल तर मार्चमध्येच संचालक मंडळावरून गेले होते. मग शिक्षा कोणाला झाली? महिनोन्‌महिने पगार थकलेल्यांना. एअर इंडियाला मात्र सरकारी तिजोरी कायम उघडी!

मुद्दल: 400 कोटी इंधन आणि विमानांच्या भाड्यातच गेले असते. बँकांचंच येणं आठ हजार कोटींच्या वर. किंगफिशरमध्ये हात पोळलेल्या बँकांनी पुन्हा तेच करायचं?
आणि एअर इंडियाचं नाव काढलंत ते बरं झालं. 2012 मध्ये सुमारे 30 हजार कोटींची मदत ठरली. 2021 मध्ये टाटांनी 18 हजार कोटींना घेतली, त्यात रोख फक्त 2700 कोटी. 46 हजार कोटींहून जास्त कर्ज सरकारकडेच राहिलं, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशावर. यात कधी विमानात न बसलेलेही आले.

विंडोसीट: मदत करा, पण हिस्सा घेऊन. 2020 मध्ये जर्मन सरकारने लुफ्थान्सात 20 टक्के घेतले आणि 2022 मध्ये सगळे विकून 76 कोटी युरो नफा कमावला.

मुद्दल: लुफ्थान्सा करोनाआधी नफ्यात होती हो. जेट करोनाच्या वर्षभर आधीच बसली. त्याच महाग इंधनात 2018-19 ला इंडिगो नफ्यात राहिली, मग दोष कोणाचा? एअर सहारा ही विमान कंपनी 1450 कोटींना घ्यायला जेटला कोणी सांगितलं होतं?

सहारकर: गोयलांना वाचवा असं मी म्हणतच नाहीये. पण दिवाळखोरीच्या कायद्याने तरी काय साधलं? साडेपाच वर्षं घोळ घालून नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितली. मधल्या काळात गो फर्स्ट ही विमान कंपनीही गेली. आता बाजार जवळपास इंडिगो आणि एअर इंडिया या दोघांच्याच हातात. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा सरकारने काय केलं? वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. रोख पैसे दिले नाहीत म्हणून ती मदत नव्हे?

मुद्दल: ती मदतच होती, आणि तिलाही माझा विरोधच आहे. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते, माणसं भरायला वेळ होता. पण एवढ्यावरून जेटला पैसे द्यायला हवे होते हे कसं ठरतं, ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही.